ऑडिटच्या आदल्या रात्री पिंप कुठे ठेवावं?

तुमच्या कंपनीने पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली बसवायचं ठरवलं, त्याबद्दल आधी अभिनंदन. ग्राहकाने ऑर्डर द्यायच्या आधी सर्टिफिकेट मागितलं म्हणून ठरवलं असेल, तर दुप्पट अभिनंदन. हेतू इतका स्वच्छ असला की पुढचं सगळं सोपं जातं.

मी आमच्याकडे अंतर्गत ऑडिटर आहे. म्हणजे पगार भलत्याच कामाचा घेतो आणि वर्षातून दोनदा हातात चेकलिस्ट धरून आपल्याच माणसांशी वाकडेपणा घेतो. गेल्या आठवड्यात आमचं सर्व्हेलन्स ऑडिट, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची मधल्या वर्षातली तपासणी, 'झीरो एनसी'ने पार पडलं. एनसी म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी, ऑडिटमध्ये नोंदवलेली त्रुटी. साहेबांनी सगळ्यांना शाबासकीची मेल पाठवली. मला त्याखाली एक ओळ जास्तीची होती : 'यापुढे एनसी लिहिण्याआधी विचारत जा.' एवढा मोठा अनुभव एकट्याने पचवणं बरं नाही, म्हणून चार युक्तीच्या गोष्टी तुम्हालाही सांगून ठेवतो.

सुरुवात पॉलिसीपासून. पर्यावरणाचं रक्षण आणि प्रदूषणाला प्रतिबंध, कायदेशीर बंधनांचं पालन, सतत सुधारणा, एवढी वचनं त्यात यावीच लागतात, या प्रणालीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १४००१, तसं सांगतं. खाली सर्वात मोठ्या साहेबांची सही, वर काच, आणि जागा रिसेप्शनची. मग ती कामगारांकडून घोकून घ्या. मानकात पाठांतराचं नाव नाही, लोकांना पॉलिसीची जाणीव असावी एवढंच म्हटलंय. पण जाणीव तपासायची तर माणसाशी बोलावं लागतं, पाठांतर तपासायला नुसतं घड्याळ पुरतं. आमच्या यार्डातले मामा अख्खी पॉलिसी एका दमात म्हणतात. तेच मामा मार्चपासून 'पिंप गळतंय' असंही म्हणतायत, पण ते कुणी पाठ करायला सांगितलं नव्हतं.

आस्पेक्ट-इम्पॅक्ट रजिस्टर, म्हणजे आपल्या कामाचे पर्यावरणाशी भिडणारे पैलू आणि त्यांचे परिणाम यांची यादी, कन्सल्टंटकडून तयार घ्या. आमच्या रजिस्टरमध्ये दोन वर्षं पेंट बूथ होता. आमच्याकडे पेंट बूथ नाही. त्याची उद्दिष्टं मात्र दोन्ही वर्षं शंभर टक्के पूर्ण झाली.

रजिस्टरमध्ये गुण भरताना मात्र हात सढळ ठेवू नका. कोणता पैलू महत्त्वाचा, हे ठरवायचा निकष मानकाने तुमच्यावरच सोडलाय, त्या विश्वासाचं सोनं करा. परिणामाच्या गंभीरतेला १ ते ५, घडण्याच्या शक्यतेला १ ते ५, दोन्हींचा गुणाकार, आणि १५ किंवा जास्त आला तर 'महत्त्वाचा'. तेलगळतीला चार चोक सोळा होत होते. शक्यतेचे चाराचे तीन केले, बारा झाले, आणि गळत असलेलं तेल गळता गळता बिनमहत्त्वाचं झालं. ऑफिसातला ए-फोर कागद मात्र पंधरा गुण मिळवून मानाने आत आला. त्यामुळे आमचं या वर्षीचं सर्वात मोठं पर्यावरणीय उद्दिष्ट आहे दोन्ही बाजूंनी प्रिंट काढणं.

उद्दिष्टं मोजता येणारी असावीत, असं मानक म्हणतं आणि लगेच कंसात 'शक्य असल्यास' असंही म्हणतं. पॉलिसीऐवजी हे दोन शब्द फ्रेम केले तरी चालेल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मानकात दुरुस्ती आली, हवामानबदल तुमच्या संस्थेला लागू पडतो का ते ठरवा. ठरवलं. एका चौकोनात 'होय' टाइप केलं, चार सेकंद लागले.

स्पिल किट, म्हणजे सांडलेलं तेल टिपायचं सामान, कुलपात ठेवा. आतलं शोषक साहित्य कुणी वापरलं तर ऑडिटला किट अपुरं दिसतं.

मॉक ड्रिलची तारीख आणि वेळ आठवडाभर आधी नोटीस बोर्डावर लावा, म्हणजे अपघाताला उशीर होत नाही.

आता मुख्य विद्या : एनसी बंद करणं. नीट वाचा. त्रुटी दूर करणं नव्हे, एनसी बंद करणं.

गेल्या महिन्यात अंतर्गत ऑडिटसाठी यार्डात गेलो. वापरलेल्या तेलाचं दोनशे लिटरचं पिंप. बुडाशी ओलं. खाली ट्रे नाही, भोवती बांध नाही, आणि चार पावलांवर पावसाच्या पाण्याचं गटार. सांडपाण्याचं नव्हे, पावसाच्या पाण्याचं. सांडपाण्याचं गटार आमच्या प्रक्रिया प्रकल्पात जातं, पावसाचं सरळ कुंपणाबाहेर ओढ्यात. हा फरक ज्यांना कळत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, अशांना पुढे प्लँट हेड करतात.

एनसी लिहिली. दोन तासांत बोलावणं आलं.

"अहो, घरचंच ऑडिट आहे. एनसी कशाला? 'सुधारणेची संधी' लिहा ना."

"साहेब, तेल गळतंय."

"गळत असेल. पण 'गळतंय' असं कशाला? 'गळण्याची शक्यता नाकारता येत नाही' असं लिहा."

मी अडून बसलो. मग मूळ कारण शोधायची बैठक लागली. पद्धत तुम्हाला ठाऊक असेलच, पाच वेळा 'का' विचारायचं. तेल जमिनीवर का? पिंपाखाली ट्रे नाही. ट्रे का नाही? स्टोअरने दिला नाही. स्टोअरने का दिला नाही? मागणीपत्रावर सही नाही. इथवर सगळे भराभर लिहून घेत होते. चौथा 'का' विचारायला मी तोंड उघडलं आणि सगळ्यांची पेनं एकदम थांबली. मागणीपत्र कुणाच्या टेबलावर पडलंय हे प्रत्येकाला माहीत होतं. आम्ही त्याच टेबलाभोवती बसलो होतो.

मग तिसरा 'का' खोडला. दुसराही खोडला. शेवटी कागदावर उरलं ते असं : मूळ कारण, संबंधित कर्मचाऱ्यामध्ये जागरूकतेचा अभाव. सुधारात्मक कृती, प्रशिक्षण दिले.

संबंधित कर्मचारी म्हणजे मामा! जो माणूस मार्चपासून कानीकपाळी ओरडतोय, त्याच्यात जागरूकतेचा अभाव! त्यांना समोर बसवून 'तेलगळतीबाबत सजगता' या विषयावर वीस मिनिटं स्लाइड दाखवल्या. दाखवणारा पोरगा तीन महिन्यांपूर्वी लागलेला, त्याने ते पिंप पाहिलंसुद्धा नव्हतं. हजेरीपत्रकावर सही, फोटो, आणि प्रशिक्षण परिणामकारक झालं का ते बघायला दहा गुणांची चाचणी. मामांना नऊ मिळाले. एक गुण गेला तो 'गळती दिसल्यास काय कराल?' या प्रश्नात. उत्तर अपेक्षित होतं 'वरिष्ठांना कळवू'. मामांनी लिहिलं, 'कळवून झालंय'.

एनसी बंद.

आणि हे सगळं कुठल्या मानकाच्या नावाने? १९९६ साली पहिल्यांदा आलं, २००४ मध्ये सुधारलं, २०१५ मध्ये नव्याने मांडलं, त्या मानकाच्या. २०१५ च्या आवृत्तीत 'मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह' (एमआर), म्हणजे प्रणालीसाठी व्यवस्थापनाने नेमलेला प्रतिनिधी, हे पदच उरलेलं नाही. प्रणाली कितपत काम करते याचं उत्तर सर्वोच्च व्यवस्थापनाने द्यायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आमच्याकडे एमआर अजून आहे. पद गेलं तरी माणूस लागतो, शिव्या खायला. खुद्द साहेब मॅनेजमेंट रिव्ह्यूला येतात ते शेवटची दहा मिनिटं, बैठकीच्या मिनिट्सवर सही करायला, आणि मिनिट्स आदल्या दिवशीच टाइप झालेले असतात.

असो. शीर्षकातल्या प्रश्नाकडे येतो, नाहीतर म्हणाल फसवलं.

पिंप जुन्या शेडमागे ठेवावं, ताडपत्रीखाली. बाहेरचे ऑडिटर नमुना तपासतात, सगळं बघायला त्यांच्याकडे वेळ नसतो. तो असलेला वेळही ओपनिंग मीटिंगच्या लांबलचक प्रेझेंटेशनमध्ये घालवता येतो. मग जेवणानंतर यार्डाची फेरी, वाट आपण दाखवायची. उरला जमिनीवरचा काळा डाग. त्याच्यावर पिवळा रंग मारा आणि दोन्ही कडांना पांढरे पट्टे ओढा, चालण्याचा मार्ग तयार होतो. आमचे ऑडिटर त्याच्यावरूनच चालत गेले. अहवालात 'यार्डातील मार्गांची आखणी चांगली' असा शेरा मिळालाय. साहेबांनी तो मेलमध्ये ठळक अक्षरांत टाकला.

आता वर्षभर काळजी नाही. सर्टिफिकेट तीन वर्षांचं, मधल्या वर्षांत एकेक फेरी. रिसेप्शनला 'आयएसओने प्रमाणित केलेली कंपनी' असा बोर्डही लागलाय. आयएसओ कुणालाच सर्टिफिकेट देत नाही, ती फक्त मानकं लिहिते, प्रमाणित करणाऱ्या संस्था वेगळ्या. बोर्डावरची पहिलीच ओळ खोटी आहे, हे मी तीनदा सांगितलं. अक्षरं पितळेची आहेत म्हणे, आता बदलता येत नाहीत.

बास. मला हे आणखी हसून सांगता येत नाही.

लाज वाटायला हवी तुम्हाला. हो, तुम्हालाच, जे हे वाचताना मान डोलावतायत आणि उद्या कामावर जाऊन हेच करणार आहेत. प्रणालीत खोट नाही. मी ते मानक पहिल्या कलमापासून शेवटपर्यंत वाचलंय, तुम्ही फक्त सर्टिफिकेट वाचलंय. त्यात 'तपासा' म्हटलंय, तपासणाऱ्याला दम द्या असं नाही म्हटलेलं. किती तेल गटारात गेलं तर चालेल, याचा आकडा त्यात कुठेही नाही. तुम्ही स्वतः दिलेलं वचन पाळाल, या भरवशावर ते उभं आहे. आणि तुम्ही काय केलंत? सोळाचे बारा केलेत. एका म्हाताऱ्या माणसाला अजाण ठरवून त्याच्याच सहीने तसा कागद करून घेतलात. पोराला खोटं शिकवायला उभं केलंत, आणि तो ते शिकलाही, परवा मला विचारत होता की पुढच्या ऑडिटला रंग कुठला मागवायचा. ताडपत्रीला पैसे होते. रंगाला होते. पितळेच्या अक्षरांना होते. दोनशे लिटरच्या पिंपाखाली ठेवायच्या ट्रेला तेवढे नव्हते.

ऑडिटर गुरुवारी गेले. शुक्रवारी सकाळी पिंप पुन्हा त्याच जागी होतं, आता चालण्याच्या मार्गावर. मामांनी खाली भुसा पसरलाय. स्पिल किटच्या कुलपाची किल्ली तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे म्हणून भुसा.

साहेब, ट्रेचं मागणीपत्र मी काल चौथ्यांदा टाकलंय. कागदांसाठी तुमच्या टेबलावर दोन-दोन ट्रे आहेत, त्यातल्या डाव्या ट्रेमध्ये, वरून दुसरं. सही करा.