'व्हेअरफोर' म्हणजे 'कुठे' नव्हे!

आज इंग्रजी शब्दकोड्यात पुन्हा तेच. आडवा सतरा, चार अक्षरं, 'ऑथेल्लोमधला खलनायक'. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा! आय, ए, जी, ओ. चारात तीन स्वर, म्हणून कोडं रचणाऱ्याचं घोडं अडलं की आणा इयागोला धरून. अहो, शेक्सपिअरच्या त्या नाटकात खुद्द ऑथेल्लोपेक्षा जास्त ओळी या माणसाच्या तोंडी आहेत. एका रुमालाच्या जोरावर तो अख्खा संसार उद्ध्वस्त करतो. त्याच्याबद्दल विचारायला दुसरं काहीच सुचत नाही?

इंग्रज कवी थॉमस ग्रेची १७५१ सालची 'एलिजी' ही कविता तर कुरणाच्या तीन अक्षरी 'ली'पुरती उरलीय. सांजवेळी परतणारी गुरं, गावकऱ्यांची साधी थडगी, सगळं गेलं.

पण खरा संताप वेगळाच. काल क्लू होता, 'ज्युलिएटचं कुठे', नऊ अक्षरं. उत्तर 'व्हेअरफोर'. चूक! साफ चूक! व्हेअरफोर म्हणजे 'का'. 'व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ?' म्हणणारी ती मुलगी रोमिओला शोधत नाहीये. तो खाली बागेत उभा आहे हे तिला ठाऊकच नाही. तू रोमिओच का झालास, वैऱ्याच्या घरचं नाव तुलाच का, हा तिचा प्रश्न आहे. तिचं सगळं दुःख त्या 'का'मध्ये आहे. त्याचं 'कुठे' केलं, की गुलाबाला दुसरं नाव दिलं तरी सुगंध तोच, हे तिचं पुढचं बोलणं अधांतरी लोंबकळतं.

आणि उभे शब्द अडले होते म्हणून त्या नऊ चौकटी मला भराव्याच लागल्या.