दीड महिन्याचा हिशेब: गॅरेज मालकाचं उत्तर

नमस्कार दादा. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो. गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं की रात्री जेवण गोड लागत नाही, हे धंदा करणाऱ्यालाच कळतं.

तुमचा रिव्ह्यू पोरीने मला वाचून दाखवला. तुम्ही लिहिलंय की सहा हजाराला घेतलेली हिरो होंडाची जुनी सीडी हंड्रेड मोटरसायकल चालू करायला दिली, आम्ही ती दीड महिना अडकवून ठेवली, साडेतीन हजार सांगून साडेआठ घेतले, गाडी दोन दिवसांत पुन्हा बंद पडली, आणि मालक उर्मट आहे. ‘एक स्टार पण जास्त’ असं शेवटी आहे. बाकीचं एकवेळ सोडून देईन, पण दीड महिना हा शब्द सोडवत नाही. परवा एका कॉलेजच्या पोराचा फोन आला. ‘काका, तुम्ही दीड महिना लावता म्हणे?’ एवढं विचारून त्याने फोन ठेवला. तो काही आला नाही.

पैशांचं आधी बोलतो, कारण तिथे चूक माझी आहे. गाडी न खोलता साडेतीन हजार हा आकडा मी तोंडी बोलून गेलो. बोलायला नको होता. तुम्ही नवीन गाडी लागल्यासारखे खूश होता, पोरगं हौशी आहे, मोडता कशाला घालायचा असं वाटलं. २८ वर्षं पाना हातात असून ही चूक झाली. तरी साडेआठ हजारांत पिस्टन-रिंगा, बोअरिंग, दोन्ही व्हॉल्व्ह, टायमिंग चेन, गॅसकेटचा सेट, क्लच प्लेटा, ऑइल आणि मजुरी सगळं आलं. बिल हाताने लिहून दिलंय, जुने पार्ट तुमच्यासमोर ठेवले होते.

आता दिवसांचं.

गाडी छोट्या हत्तीतून आली १८ जूनला, संध्याकाळी. किक दगडासारखी घट्ट. कोणीतरी प्लग काढून भोकात चिंधी कोंबलेली होती, आणि गाडी गोठ्यामागे उघड्यावर किती पावसाळे उभी होती देव जाणे. चिंधीतून पाणी आत गेलं आणि पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्या बॅरलला गंजाने धरला. अशा वेळी लाकडी ठोकळा ठेवून हातोडा मारणारेही आहेत. पिस्टन सुटतो, पण मग कनेक्टिंग रॉडपासून सगळ्याचंच काम निघतं. मी तसं करत नाही. प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल सोडलं, रोज सकाळी गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक पुढे-मागे हलवत राहिलो. पाचव्या दिवशी पिस्टन केसभर सरकला. आमचा पोऱ्या ओरडला, ‘मामा, हललं!’ हे बघायला तुम्ही नव्हता, आणि बिलात हे एका ओळीत पण येत नाही.

२४ जूनला हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं. रिंगा जिथे थांबल्या होत्या तिथे बॅरलला गंजाचं कडं पडलेलं, नख फिरवलं तरी लागत होतं. फोटो काढून तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवले आणि खर्च वाढणार असंही त्याच दिवशी कळवलं. दोन निळ्या रेघा लगेच आल्या. उत्तर आलं ‘सांगतो’. मग मी फोन केला तर म्हणालात, दोन ठिकाणी विचारून सांगतो. विचारा की, तो तुमचा हक्क आहे, फक्त मनाला लागतं एवढंच. तुमचा ‘करा’ आला तो ६ जुलैला, आषाढी एकादशीच्या दिवशी. मधले बारा दिवस तुमची गाडी उघड्या इंजिनाची, वर फडकं टाकून, माझ्या निम्म्या शेडमध्ये पसरलेली होती. शेड केवढं आहे ते तुम्ही पाहिलंय.

७ तारखेला बॅरल उद्यमनगरात लेथवर बोअरिंगला, म्हणजे आतून कापायला दिला. या गाडीचा बोअर, म्हणजे बॅरलच्या भोकाची रुंदी, कंपनीतून ५० मिलिमीटरचा येतो. पाव मिलिमीटर वाढवून गंज निघेल अशी आशा होती, निघाला नाही, म्हणून अर्धा वाढवावा लागला. आणि पिस्टन आधी आणून त्याच्या मापाने बॅरल कापायचा असतो, उलटं नाही. ११ तारखेला बॅरल हातात आला. कोल्हापुरात उद्यमनगर आहे म्हणून चार दिवसांत झालं.

नंतरचे तीन दिवस, १२ ते १४, मी तुमच्या गाडीला हात लावला नाही. हे कबूल करतो. तीन दूधवाल्यांच्या गाड्या एकदम आल्या. त्यांची गाडी थांबली की सकाळचं दूध डेअरीवर जात नाही. तुमची गाडी हौसेची म्हणून बाजूला लावली. तुम्हाला तसं सांगायला हवं होतं.

त्यानंतर तुमची पिशवी. इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणारा कार्बोरेटर तुम्ही घरी मोबाईलवर व्हिडिओ बघून खोलला होता आणि सुटा करून कापडी पिशवीतून आणला होता. ‘सगळं आहे बघा मामा’ म्हणालात. जोडायला घेतला तर मेन जेट नाही आणि फ्लोटची पिन नाही. जेट म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढा पितळी तुकडा, पण तो नसला तर पेट्रोल मोजून कोण सोडणार? बाजारातून नवा आणून लावला तर प्लग काळा आणि धूर. नंबर जुळत नव्हता. शेवटी माझ्या मोडक्या कार्बोरेटरांच्या डब्यात तासभर हात काळे केले आणि बरोबर नंबरचा जेट मिळाला, पिनही मिळाली. त्यांचे पैसे लावले नाहीत, बिल परत बघा. त्या दिवशी फोनवर माझा आवाज चढला. ‘अवो दादा, कार्बोरेटर आणलाय का भाजी?’ असं बोललो. हाच माझा उर्मटपणा. वय झालंय, जीभ आवरत नाही, त्याची वेगळी माफी मागतो.

१७ जुलैला गाडी दुसऱ्या किकला चालू झाली. साडेपाचला फोन केला. तुम्ही म्हणालात रविवारी येतो. पण पाऊस लागला, शिये-बावडा रस्ता पाण्याखाली गेला, तुम्ही अडकलात. त्यात तुमचा दोष नाही. पण माझा तरी आहे का? पाणी उतरल्यावरही ‘आज येतो, उद्या येतो’ करत तुम्ही आलात ३० तारखेला. तेरा दिवस चालू गाडी माझ्या दारात, आणि त्यातले दोन दिवस मी ती रात्री घरात घेतली, कारण शेड गळतं.

म्हणजे १८ जून ते ३० जुलै ४२ दिवस होतात, बरोबर आहे. त्यातले तुमच्या होकाराचे बारा आणि नेण्याचे तेरा, मिळून पंचवीस. माझ्याकडे उरतात सतरा. त्यातले तीन आळसाचे धरा, मान्य. पण दीड महिना नाही हो. वाचणाऱ्याला वाटतं मामा पैसे घेऊन गाडी विसरला.

गाडी पुन्हा बंद पडली त्याचंही दोन शब्द. टाकी आतून गंजलीये हे मी दाखवलं होतं. सहाशे रुपयांत धुऊन देतो म्हटलं तर तुम्ही म्हणालात, राहू दे, रंग जाईल. म्हणून फिल्टर टाकून दिला आणि रिझर्व्हवर चालवू नका म्हणून सांगितलं. तळाचा गंज तिथूनच येतो. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल धरतं, गाडी उभी राहिली की टाकीत गंज वाढतो. जुनी रबरंही लवकर जातात. ही गाडी १९८५ साली आली तेव्हा जाहिरात होती, भरा, बंद करा, विसरा. आपल्या लोकांनी तिसरं तेवढं मनावर घेतलं.

आणि एक लिहू का नको म्हणत होतो. बोअरिंग केलेली गाडी पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या आत, एकट्याने चालवायची, चढ टाळायचा, हे मी बिलाच्या मागे लिहून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी तुमच्या स्टेटसला व्हिडिओ होता. जोतिबाचा घाट, डबल सीट, मागच्याच्या हातात गुलालाची पिशवी. देवाला गेलात, चांगलं केलंत. पण नवा पिस्टन अजून बॅरलमध्ये बसतोय, तापला की धरतो. तरी इंजिन धरलं नाही, नुसता जेट चोंदला असणार असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. तेवढं काम चांगलं झालं होतं म्हणायचं.

यापुढे अंदाज तोंडी देणार नाही, शक्यतो कागदावर देऊ, आणि गाडी थांबली तर कळवायचं बघू. पोरगी म्हणते एक वही करूया. करू.

तुमच्यासाठी एवढंच की गाडी घेऊन या, कार्बोरेटर आणि टाकी दोन्ही साफ करून देतो, मजुरी नको. पासिंगचे कागद पण आणा. पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, पंधरा वर्षांवरच्या गाडीचं आरसी दर पाच वर्षांनी नवीन करावं लागतं, तुमच्या आरसीवर तर जुन्याच मालकाचं नाव आहे. शुक्रवार सोडून कधीही या, दहाच्या आत आलात तर लगेच हातात घेतो. तुमची ती कापडी पिशवी अजून इथेच खुंटीला आहे, त्यात चोकचा दांडा आणि तीन स्क्रू उरलेत. ते कुठले हे मला अजून कळलेलं नाही.