विचार करा ना खुशाल, पण मग पार्टनरनं गप बसावं की!

डोकं अजून तापलेलंय म्हणून लिहायलो. संभाजीनगरला ब्रिजची, म्हणजे समोरासमोर बसलेल्या पार्टनरच्या जोड्यांनी खेळायच्या पत्त्यांच्या खेळाची, ओपन टीम टूर्नामेंट होती, आम्ही चौघं परभणीहून एसटीनं गेल्तो, आणि हरलो त्याचं काहीच नाही, हरतोच माणूस, पण ज्या एका बोर्डवर, म्हणजे एका डावावर, मॅच गेली ना तो बोर्ड डोक्यातून जायलाच नाही.

ब्रिजमधी आधी बोली लागते, हुकूम कुठला आणि किती हात करणार ह्याची. दोन्ही बाजू व्हल्नरेबल, म्हणजे जिंकलं-बुडालं तर आकडे मोठे. माझ्या डावीकडच्या सरांनी एक इस्पिक उघडलं, माझा पार्टनर दोन बदाम, उजवीकडचा दोन इस्पिक, मी स्टॉप कार्ड (मधली पायरी सोडून उडी मारतोय ही सूचना) ठेवून थेट चार बदाम. आता स्टॉपनंतर पुढच्यानं दहा सेकंद थांबायचंच असतं, पत्ते कसे का असंनात, म्हणजे कोणाला काही कळू नये. दहा झाले. वीस झाले. सरांनी पत्ते मिटले, परत उघडले, बिडिंग बॉक्समधी (बोलीच्या कार्डांच्या डब्यात) पासवर बोट ठेवलं, उचललं, डबलच्या (तुम्ही बुडणार म्हणायच्या) लाल कार्डाकडं नेलं, परत मागं घेतलं, छताकडं बघितलं, हा एवढा मोठा सुस्कारा सोडला, आणि मग पास. माझा पार्टनर पास. आणि उजवीकडचा माणूस, ज्यानं दोन इस्पिक बोलून आधीच सांगून टाकलंय की माझ्याकडं एवढंच आहे, तो एका सेकंदात चार इस्पिक! त्यानं डमी म्हणून, म्हणजे खेळणाऱ्याचा पार्टनर म्हणून, पत्ते उघडे मांडले तेव्हा बघतो तर मोठ्या पत्त्यांचे सहाच पॉइंट, तीन इस्पिक, ना सिंगलटन (एका रंगाचा एकच पत्ता) ना काही. ह्याच्यावर कोण चार बोलतं हो? समोरचा दीड मिनिट कण्हत बसला म्हणून बोलला, दुसरं काहीही कारण नाही.

चार इस्पिक झालं, त्यांना 620. तिकडं दुसऱ्या टेबलावर हेच पत्ते आमच्या दुसऱ्या जोडीकडं होते, तिथंही समोरून चार बदाम आलं, आमच्या ओपनरनं दहा सेकंद मोजले आणि शांतपणे पास, त्याच्या पार्टनरनंही पास, कारण सहा पॉइंटावर बोलायला होतंच काय. चार बदाम एका हातानं बुडालं, आम्हाला 100. म्हणजे 520 चा फरक, 11 इम्प (दोन टेबलांच्या फरकावरून मिळणारे टीमचे गुण) गेले, आणि मॅच आम्ही 7 इम्पनं हरलो. जे प्रामाणिकपणे पास म्हणले त्यांचं नुकसान, आणि ज्यांनी सुस्काऱ्यावर बिडिंग केलं ते पुढच्या राउंडला वरच्या टेबलावर.

डायरेक्टरला, म्हणजे स्पर्धेच्या पंचाला, बोलावलं नाही असं नाही, चार इस्पिक आल्या आल्या बोलावलं. ते म्हणले खेळा, नंतर बघू. खेळलो, परत बोलावलं, तर म्हणे विचार करायला काही बंदी नाही. अहो नाहीच ना बंदी! कोण म्हणायलंय बंदी आहे! सरांनी अर्धा तास विचार करावा. पण नियमावलीतलं 16 नंबरचं कलम पुढं काय म्हणतं ते कोण वाचणार, की पार्टनरच्या थांबण्यातून, चेहऱ्यातून, आवाजातून जे कळलं ते वापरायचं नाही, आणि पास करणं हाही सरळ पर्याय असेल तर त्या थांबण्यानं जे सुचवलं ते करायचं नाही. इथं पास हा पर्याय नव्हता का? आमच्याच माणसानं त्याच पत्त्यांवर पास केलाय की! तर तो चार इस्पिकवाला म्हणे मी बोलणारच होतो, आणि डायरेक्टरनं मान डोलवली, स्कोअर कायम. अपील करायचं तर डिपॉझिट भरा.

आणि सगळ्यात जास्त कशानं पेटलो सांगू, सर मला म्हणले, कुठून आलात, नवीन दिसताय, इथं फ्रेंडली खेळतात, असं सारखं डायरेक्टर डायरेक्टर करून वातावरण खराब होतं. का हो? परभणीहून आलो म्हणून नियम माहीत नसतेत का आम्हाला? रात्र रात्र बीबीओवर, म्हणजे ऑनलाइन ब्रिजच्या साइटवर, बसून शिकलोय, कायद्याचं पुस्तक फुकट डाउनलोड होतं, ते वाचून काढलंय, तुमच्यापेक्षा जास्तच वाचलंय. पुण्या-मुंबईकडच्या माणसानं डायरेक्टर बोलावला की तो अनुभवी, आणि आम्ही बोलावला की भांडखोर.

टीममधी हा खेळ खेळतेत कशासाठी? दोन्ही टेबलांवर तेच पत्ते फिरवतेत कशाला? नशीब बाजूला निघावं म्हणूनच ना! वाईट पत्ते आले हे कारणच उरत नाही, इथं जे पत्ते माझ्याकडं तेच तिथं समोरच्या टीमच्या माणसाकडं, फक्त डोकं वेगळं. एवढा खटाटोप करायचा आणि मग एका जोडीनं तोंडानं, हातानं, श्वासानं बोलायचं, तर काय राहिलं त्या खेळात? पेपरात शेजारच्यानं खोकून उत्तर सांगितल्यासारखं झालं हे. मोठ्या स्पर्धांत टेबलावर तिरका पडदाच लावतेत, पार्टनर दिसूच नये म्हणून. 1975 ला बर्म्युडाच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला पडदे लावले तर इटलीच्या एका जोडीवर टेबलाखालून पायानं इशारे केल्याचा आरोप झाला, मग टेबलाखाली पण अडसर टाकावा लागला. तिथं एवढी काळजी, आणि आपल्याकडं पडदा नाही म्हणून काहीही चालतं?

आधीच घरी, ऑफिसात सगळ्यांना सांगून सांगून थकलोय की बाबांनो ही तीन पत्ती नाही, 2018 ला जकार्ताच्या एशियन गेम्समधी प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ह्याच खेळात देशाला गोल्ड आणलंय. लोक जरा कुठं ऐकायलेत. ओळखीतली दोन-तीन कॉलेजची पोरं शिकायला तयार झालीत. त्यांना मी अशा टूर्नामेंटला घेऊन जाऊ आणि काय दाखवू, की पत्ते नीट मोजू नका, समोरच्याचा सुस्कारा मोजा?

आमचा पार्टनर म्हणायलाय की जाऊ दे, परत त्याच लोकांसंगं खेळायचंय, कशाला वाईट व्हायचं. काहून जाऊ द्यायचं? एंट्री फी आम्ही पण भरली. पुढच्या वेळी स्टॉपनंतर कोणी मिनिटभर कण्हला आणि त्याच्या पार्टनरनं तोंड उघडलं की मी तिथंच हात वर करून डायरेक्टर म्हणून ओरडणार, आख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं, आणि डिपॉझिटचे पैसे खिशात घेऊनच जाणार. होऊ दे वातावरण खराब.