'दिसत नाही' आणि 'लागत नाही' हे दोन वेगळे रोग आहेत: निपाणीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

घरातला स्टोरेज सर्व्हर नेटवर्कवरून गायब होतो त्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही निपाणीहून रोखठोक प्रतिक्रिया पाठवलीत. आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमचा फोटो स्टुडिओ आहे आणि लग्नांचे फोटो, व्हिडिओ एका नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेज सर्व्हरवर, असतात. तो दिसेनासा झाला की तुम्ही 'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन एसएमबी १ ला, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्या-घेण्याच्या विंडोजमधल्या जुन्या पद्धतीला, टिक करता. तरीही नाही दिसला तर राउटर बंद करून चालू करता. एवढ्यात काम होत असताना आयपी (यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता) आणि मल्टिकास्ट (एकच निरोप एकदम अनेक यंत्रांना धाडणं) यांचं पुराण लावून सामान्य माणसाला घाबरवायचं कशाला, हा तुमचा पहिला आक्षेप. दुसरा असा, की पावसाळ्यात आपल्या सीमाभागात वीज किती वेळा ये-जा करते याचा माझ्या लिखाणात पत्ताच नाही.

विजेवर मी खाली भरपूर लिहिणार आहे, कारण तो मुद्दा तेवढ्या लायकीचा आहे. पण आधी एसएमबी १. तुमची प्रतिक्रिया वाचून आणखी कुणी ती टिक करू नये असं मला फार वाटतं.

ती टिक केल्यावर सर्व्हर दिसतो हे खरं आहे, आणि तो का दिसतो हेही समजून घ्यायला हवं. 'नेटवर्क'च्या खिडकीतली यादी पूर्वी 'कॉम्प्युटर ब्राउझर' नावाची विंडोजमधली एक सेवा भरायची आणि ती एसएमबी १ वर चालायची. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १ येत नाही. त्यामुळे ती जुनी यादीही गेली. ज्या नॅसला आपली हजेरी फक्त जुन्या पद्धतीनं लावता येते, तो त्या दिवसापासून खिडकीत दिसत नाही. पण तो नेटवर्कवर असतोच. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन त्याचा आयपी लिहा, फोल्डर उघडतात. म्हणजे बिघाड यादीत आहे, सर्व्हरमध्ये नाही. आणि यादीसाठी तुम्ही फाइलींची वाहतूकच जुन्या, असुरक्षित पद्धतीला मोकळी करून देता.

मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एसएमबी १ मधल्या भोकांवर दुरुस्ती दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांच्या संगणकांत १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस शिरला आणि दीडशेहून जास्त देशांत पसरला. ती भोकं पुढे बुजली, हे मान्य. पण एसएमबी १ मध्ये माहिती सांकेतिक करून पाठवण्याची सोय मुळातच नाही, ती २०१२ मध्ये एसएमबी ३ बरोबर आली. सांबा हे लिनक्सवरचं सॉफ्टवेअर बहुतेक नॅसच्या पोटात असतं. त्यानंही २०१९ मधल्या ४.११ आवृत्तीपासून एसएमबी १ मुळातच बंद ठेवलं आहे. तुमच्या डब्यात लोकांच्या घरची लग्नं आहेत. ते फोटो पुन्हा काढता येत नाहीत. आपल्या भागात कित्येक घरांनी १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचे, मुंबई राज्यातले मराठी उतारे आणि खरेदीखतं स्कॅन करून अशाच डब्यांत ठेवली आहेत. असा व्हायरस शेअर केलेल्या फोल्डरांनाही कुलूप लावतो. एका खिडकीत नाव दिसावं म्हणून एवढी जोखीम घेऊ नका.

यादीत नाव दिसायलाच हवं असेल तर नवी पद्धत वापरा. तिचं नाव डब्ल्यूएस-डिस्कव्हरी. अनेक नॅसच्या सेटिंगमध्ये त्या नावाचा पर्याय असतो, तो चालू करायचा. लिनक्सवर स्वतः उभारलेला सर्व्हर असेल तर 'डब्ल्यूएसडीडी' नावाचा छोटा प्रोग्राम घालायचा. विंडोजच्या बाजूला 'फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट' ही सर्व्हिस चालू आहे का ते पाहायचं. आणि नेटवर्कचा प्रकार 'प्रायव्हेट' असायला हवा. राउटर बदलला की विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं, ते 'पब्लिक' म्हणून नोंदलं गेलं की शोधाशोध बंद. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच इथंच संपतात.

म्हणून मी पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो. सर्व्हर 'दिसंना झालाय' की 'लागंना झालाय'? आयपीनं उघडत असेल तर वरचं सगळं लागू. आयपीला पिंगही (यंत्र जागं आहे का हे विचारणारा छोटा निरोप) जात नसेल तर एसएमबीच्या वाऱ्याला जाऊ नका, गडबड त्याच्या खूप आधी आहे. इथून तुमचा विजेचा मुद्दा सुरू होतो.

खानापूरकडच्या पावसात तारांवर फांदी पडते, वीज जाते, येते, पुन्हा जाते. घरात इन्व्हर्टर असला तरी बदलाच्या क्षणी मध्ये छोटी फट पडते. इन्व्हर्टरवर बहुधा दोन स्थिती असतात. साध्या स्थितीत ही फट पंख्या-दिव्यांना चालेल एवढी मोठी असते, 'यूपीएस' स्थितीत ती कमी असते. डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरेल असा बनवलेला असतो, त्याहून फट मोठी झाली की यंत्र रीस्टार्ट. तेव्हा आधी इन्व्हर्टरच्या मागचं बटण कुठल्या स्थितीत आहे ते बघा. बऱ्याच घरांत ते बसवल्या दिवसापासून कुणी हलवलेलं नसतं.

आता सगळं एकदम बंद होऊन एकदम चालू झालं असं धरा. फायबरचा डबा सुरू व्हायला, लाइन पकडायला, पत्ते वाटायला तयार व्हायला वेळ घेतो. लहान नॅस किंवा रास्पबेरी पायसारखं यंत्र त्याच्या आधी उठू शकतं. ते उठतं, पत्ता मागतं, उत्तर द्यायला कुणी जागं नसतं. मग ते स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतं. तुमचे बाकीचे संगणक मात्र १९२.१६८ च्या पत्त्यांवर. डब्यावरचे दिवे लागलेले, केबलचा दिवा हिरवा, आणि सर्व्हर मात्र कुणालाच सापडत नाही. काही यंत्रं थोड्या वेळानं पुन्हा पत्ता मागतात आणि आपोआप परत येतात. काही तशीच बसून राहतात.

तुमचा 'राउटर बंद-चालू करा' हा उपाय इथं का चालतो तेही बघा. नॅसची केबल थेट राउटरला असेल तर राउटर बंद होताच केबलवरचा दुवा तुटतो, परत येताना जुळतो, आणि नॅस नव्यानं पत्ता मागतो. या वेळी राउटर जागा असतो. पण मध्ये छोटा स्विच (नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारा डबा) असला तर राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, नॅसला काही कळतच नाही, कारण त्याचा दुवा स्विचशी आहे आणि तो तुटलेलाच नाही. मग लोक म्हणतात, कधी चालतं, कधी चालत नाही. स्विचमधली नॅसची केबल काढून पुन्हा घाला, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागेल.

दुसरी बाजू अशी. घरगुती राउटर बंद झाला की कुणाला कुठला पत्ता दिला होता ती वही अनेकदा विसरतो. परत उठल्यावर नॅसचा कालचा पत्ता आज एखाद्या मोबाइलला जातो. तुमच्या संगणकावर जोडलेला 'झेड' ड्राइव्ह त्या मोबाइलचं दार ठोठावत राहतो.

राउटरमध्ये नॅसच्या मॅक पत्त्याला (यंत्राची कारखान्यातून आलेली ओळख) एक आयपी राखून ठेवा असा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो चांगला आहे. पण आपल्या भागासाठी माझं मत थोडं वेगळं आहे. राखीव पत्ता मिळण्यासाठीही राउटर आधी जागा असावा लागतो. नॅसमध्येच कायमचा पत्ता भरला तर त्याला उठल्यावर कुणाला विचारावं लागत नाही. जिथं वीज अशी ये-जा करते तिथं मी नॅसमध्येच पत्ता भरतो. तो राउटर वाटतो त्या पल्ल्याच्या बाहेरचा निवडायचा. राउटर १९२.१६८.१.१०० ते २०० वाटत असेल तर नॅसला १९२.१६८.१.२० द्या. हा पत्ता कागदावर लिहून नॅसच्या अंगावर चिकटवा. इंटरनेटवाल्यानं पुढे डबा बदलून दिला आणि नव्या डब्याचं घराणं, म्हणजे पत्त्यांचा सुरुवातीचा भाग, १९२.१६८.० निघालं, तर जुना पत्ता एकटा पडेल, तेव्हा तो कागद कामाला येईल.

फायबरच्या डब्याला आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. नॅसला मात्र वेगळा यूपीएस घ्या, ज्याची यूएसबी केबल नॅसला लागते. बॅटरी संपत आली की तो नॅसला सांगतो आणि नॅस नीट बंद होतो. कारण पत्त्याच्या गोंधळापेक्षा मला जास्त भीती वाटते ती पुढच्या गोष्टीची. अचानक बंद झालेला नॅस परत उठताना डिस्क तपासायला घेतो. मोठ्या डिस्क असतील तर हे काम तासन्‌तास चालतं, आणि तोवर तो नेटवर्कवर न येणं किंवा अगदी हळू चालणं शक्य असतं. दिवा लुकलुकतोय, सर्व्हर लागत नाही, गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन समोर उभं. अशा वेळी हात पॉवरच्या बटणाकडे जातो. तो आवरा. तपासणी चालू असताना पुन्हा वीज तोडणं यासारखं वाईट दुसरं काही नाही.

पावसाळ्याचा आणखी एक मुद्दा. गच्चीवरून किंवा दोन घरांच्या मधून उघडी नेलेली नेटवर्क केबल असेल, तर जवळपास वीज कोसळली की त्या तारेतून धक्का येऊन पोर्ट जळू शकतो. बाकी यंत्र चालू, फक्त केबलचा दिवा कायमचा गेलेला. दुसरी केबल, दुसरा पोर्ट लावून बघितल्याशिवाय सेटिंगमध्ये शिरू नका.

बेळगावात शहापूर, वडगावच्या लांबट घरांत एक वेगळीच गंमत नेहमी भेटते. जांभ्याच्या जाड भिंतींतून वायफाय जात नाही, म्हणून आत किंवा माडीवर दुसरा राउटर लावतात. पहिल्या डब्याची केबल दुसऱ्याच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटची केबल लावायचं भोक) घातली की घरात दोन वेगळी नेटवर्कं तयार होतात. माडीवरचा लॅपटॉप खालच्या नॅसला आयपीनं गाठू शकतो, पण यादीत तो कधीच दिसणार नाही. उलट नॅस माडीवर असेल तर खालच्या संगणकाला तो सहजासहजी सापडत नाही. दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' स्थितीत टाका. ती सोय नसेल तर त्याचं पत्ते वाटणं बंद करा, त्याला पहिल्या डब्याच्या घराण्यातला मोकळा पत्ता द्या आणि केबल वॅनऐवजी लॅन पोर्टात (घरातली यंत्रं लावायचं भोक) घाला.

मल्टिकास्टबद्दल तुम्ही चिडला होता, तर दोनच वाक्यं. सर्व्हर सुरू झाल्यावर दिसतो, मग चार-पाच मिनिटांत यादीतून जातो, पण आयपीनं चालू असतो, असं नेमकं घडत असेल तर स्विच किंवा राउटरमधलं 'आयजीएमपी स्नूपिंग' (मल्टिकास्टचे निरोप कुणाकडे जावेत ते ठरवणारी सोय) बंद करून बघा. असं घडत नसेल तर त्याचा विचारच करू नका.

आता तुमच्या नॅसबद्दल. एसएमबी १ बंद केल्यावर तो आयपीनंही उघडत नसेल, तर तो बहुधा फक्त एसएमबी १ बोलतोय. त्याच्या सेटिंगमध्ये किमान एसएमबी २ आणि कमाल एसएमबी ३ निवडता येतं का बघा, नवा फर्मवेअर (नॅसच्या आतलं सॉफ्टवेअर) असेल तर आधी तो घाला. पासवर्ड नसलेला पाहुणा शेअर ठेवला असेल तर आत्ताच नाव आणि पासवर्ड लावा. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून पाहुणा प्रवेश मुळातच बंद आहे आणि एसएमबीच्या प्रत्येक निरोपावर सही मागितली जाते. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणजे स्टुडिओतला पुढचा संगणक ११ चाच असणार.

एसएमबी २ ची सोयच नसलेला जुना डबा निघाला, तर आधी सगळ्या फोटोंची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा, आणि ती डिस्क स्टुडिओत न ठेवता घरी ठेवा. मग एखाद्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स आणि सांबा घालून नवा सर्व्हर उभारता येईल. ते काम मी लिहून देईन. डब्याचा मॉडेल क्रमांक, नॅसची केबल राउटरला आहे की स्विचला, आणि सर्व्हर दिसत नसताना पिंगला काय उत्तर येतं, एवढं कळवा.