लिटर मांजराच्या पंजांसाठी घ्यायचं असतं, आपल्या नाकासाठी नाही

मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालायची माती किंवा दाणे, म्हणजे लिटर, सुगंधी घेऊ नका. लॅव्हेंडर नको, लिंबू नको, गुलाब नको. नव्याने मांजर आणलेल्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी हेच सांगते. आज जरा सविस्तर लिहिते, कारण पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या गोष्टी बहुतेक माणसाच्या सोयीच्या असतात. मांजराला काय हवं असतं, ते तिथे क्वचितच लिहिलेलं दिसतं.

लिटर घेताना आपण काय बघतो? वास दाबला जाईल का, घरभर सांडेल का, किती दिवस पुरेल. हे प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचा नंबर दुसरा. त्या ट्रेमध्ये दिवसातून तीन-चार वेळा अनवाणी उतरणार ते मांजर. त्याच्या पंजांच्या गाद्या मऊ आणि फार संवेदनशील असतात, आणि खड्डा उकरताना त्याचं नाक लिटरच्या अगदी जवळ असतं. आपल्याला दारातून मंद वाटणारा सुगंध त्याला तिथे केवढा लागत असेल! लिंबू-संत्र्याचे वास तर बहुतेक मांजरांना मुळातच नकोसे असतात. मांजराने कुंडी उकरू नये म्हणून लोक मातीवर संत्र्याची सालं टाकतात. तोच वास लिटरमध्ये घालायचा आणि मांजराने तिथे आनंदाने जावं अशी अपेक्षा करायची, हा मला त्या जिवावर अन्याय वाटतो.

शिवाय सुगंधाने काम होतच नाही. डोळ्यांत झोंबणारा तो उग्र वास येतो अमोनियाचा. लघवीत युरिया असतो, जिवाणू तो फोडतात आणि त्यातून अमोनिया सुटतो. याला वेळ लागतो. ओला भाग वेळेवर उचलून टाकला की अमोनिया व्हायला फारसं काही उरतच नाही. बोक्यांचं थोडं वेगळं असतं. नसबंदी न केलेल्या बोक्याच्या लघवीत फेलिनाइन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं आणि ते विघटित होताना गंधकयुक्त संयुगं तयार होतात. त्या वासापुढे कुठलंच लिटर टिकत नाही, तिथे नसबंदीच करायला हवी. पण ट्रे साफ न करता वरून सुगंधी लिटर ओतत राहणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मग घ्यायचं काय? मोठ्या, निरोगी मांजरासाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: बारीक दाण्याचं, बिनवासाचं, ओलं झालं की गोळे धरणारं लिटर. घरातल्या मांजरांचे पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातली रानमांजरं. साधारण दहा हजार वर्षांपूर्वी धान्याच्या कोठारांपाशी उंदरांमागे ती माणसाजवळ आली. कोरड्या, भुसभुशीत जमिनीत उकरायचं, बसायचं, झाकून टाकायचं, ही सवय त्यांच्या रक्तात आहे. ती आपण शिकवत नाही. पिल्लू जेमतेम चालायला लागलेलं असतं आणि रेती दिसली की उकरायला लागतं. मांजरांच्या वर्तनाचे अभ्यासक पीटर बोर्शेल्ट यांनी 1991 मध्ये वेगवेगळी लिटर मांजरांपुढे ठेवून पाहिली होती. तेव्हाही त्यांचा कल बारीक दाण्याच्या, गोळे होणाऱ्या मातीकडेच दिसला.

घरात मांजर ठेवणं ज्या मातीमुळे सोपं झालं, तिचा इतिहासही फार जुना नाही. पूर्वी लोक राख, रेती किंवा साधी माती वापरत. अमेरिकेत मिशिगनमध्ये 1947 साली एड लोव नावाच्या तरुणाकडे शेजारच्या बाई मांजरासाठी काहीतरी मागायला आल्या. त्याने त्यांना कारखान्यांत सांडलेलं तेल टिपायला वापरतात ती दाणेदार शोषक माती दिली. त्यातून लिटरचा धंदा उभा राहिला. पण ती माती ओली झाली तरी तिचा गोळा होत नसे, लघवी तळाशी साचायची आणि सगळा ट्रे बदलावा लागायचा. 1980च्या दशकात बेंटोनाइट नावाच्या मातीचं लिटर आलं आणि हा त्रास संपला. सोडियम बेंटोनाइट पाणी शोषून कितीतरी पट फुगतं आणि घट्ट गोळा धरतं. तो गोळा स्कूपने उचलला की बाकीचं कोरडं लिटर तसंच राहतं.

बेंटोनाइटमध्ये दोष नाहीत असं अजिबात नाही. ते जड असतं, पंजांना चिकटून घरभर फिरतं आणि हलक्या प्रतीच्या मालात धूळ भयंकर उडते. घरात कुणाला, माणसाला किंवा मांजराला, दमा असेल तर ही धूळ खरोखरच त्रासाची आहे. घेण्याआधी शक्य असेल तर मूठभर लिटर उंचावरून ओतून बघा. ढग उठला तर ते पाकीट ठेवून द्या. दुसरी गोष्ट जमिनीची. बेंटोनाइट उघड्या खाणींतून, वरचा थर खरवडून काढतात आणि वापरल्यावर ते कुजतही नाही. ज्यांना हे बोचतं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मक्याचं, गव्हाचं, टोफू बनवताना उरलेल्या सोयाबीनच्या चोथ्याचं लिटर त्यांनी जरूर वापरून बघावं. टोफूचं लिटर हलकं असतं, धूळ कमी आणि गोळेही बऱ्यापैकी होतात. फक्त दमट हवेत ते उघडं ठेवू नका, बुरशी धरते. लाकडी पेलेट, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या कांड्या, ओल्या झाल्या की त्यांचा भुसा होतो, त्याला चाळणीचा ट्रे लागतो आणि जाड कांड्यांवर उभं राहणं बऱ्याच मांजरांना आवडत नाही. सिलिका क्रिस्टल, म्हणजे काचेसारखे दिसणारे खडे, ओल छान शोषतात, पण टोचतात. माझ्या घरातल्या थोरल्या मांजरीने क्रिस्टलमध्ये एक पाय टाकला, झटकला आणि ती सरळ पायपुसण्यावर जाऊन बसली. धाकट्या बोक्याला त्याचं काहीच वाटलं नाही. मांजरागणिक आवड बदलते, म्हणून कुणाच्या सांगण्यावर, माझ्यासुद्धा, शेवटचा निर्णय ठेवू नका. दोन सारखे ट्रे शेजारी शेजारी ठेवा, दोन्हींत वेगवेगळं लिटर घाला, रोज दोन्ही साफ करा आणि मांजर कुठे जास्त जातं ते आठवडाभर बघा. मधेच ट्रेच्या जागा बदला, म्हणजे त्याला लिटर आवडतंय की कोपरा, तेही समजेल.

मांजर काय सांगतं ते नीट बघितलं तर लगेच कळतं. लिटर पसंत असेल तर ते आत शिरून उकरतं, फिरतं, सावकाश झाकतं. पसंत नसेल तर ट्रेच्या काठावर पाय ठेवून कसंबसं उरकतं, पंजे झटकतं, लिटरऐवजी भिंत किंवा फरशी खरडतं आणि पळ काढतं. ही तक्रारच असते. ती ऐकली नाही की पुढची पायरी म्हणजे गादी, सोफा, धुवायच्या कपड्यांचा ढीग. मग लोक म्हणतात, "मुद्दाम करतंय, सूड घेतंय." मला या वाक्याचा मनापासून राग येतो. मांजर सूड म्हणून शू करत नाही. त्याला एकतर ट्रे नकोसा झालेला असतो, नाहीतर कशाची भीती बसलेली असते, नाहीतर दुखत असतं. एवढ्या कारणावरून किती मांजरं मारली जातात, घराबाहेर काढली जातात, दूर नेऊन सोडली जातात! त्यातल्या अनेकांना फक्त वेगळी माती, मोठा ट्रे किंवा डॉक्टर हवा होता.

दुखण्याबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय, कारण गोळे होणाऱ्या लिटरचा खरा फायदा इथे आहे. रोज गोळे उचलताना मांजराची लघवी किती होते, किती वेळा होते, हे आपोआप डोळ्यांखालून जातं. गोळे एकाएकी खूप मोठे आणि जास्त व्हायला लागले, तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो. बारीक बारीक भरपूर गोळे दिसले, तर मूत्राशयाला सूज असू शकते. आणि बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय, ओरडतोय आणि लिटर मात्र कोरडंच आहे, तर रात्र असो की सुट्टी, त्याच क्षणी डॉक्टरकडे न्या. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ असेल, सकाळी बघू. सकाळपर्यंत थांबू नका. मांजर लिटर चाटायला किंवा खायला लागलं तरी रक्त तपासून घ्या, रक्त कमी झालेली मांजरं असं करतात.

अपवाद दोन आहेत. लहान पिल्लं सगळं तोंडात घालतात आणि गोळा होणारी माती पोटात फुगली तर आतडं अडू शकतं. म्हणून तीन-चार महिन्यांची होईपर्यंत त्यांना गोळे न होणारं लिटर द्या, कागदाचं किंवा बारीक पेलेटचं. नसबंदीसारखं ऑपरेशन झाल्यावरही टाके भरेपर्यंत कागदाचं लिटर वापरा, जखमेत धूळ आणि दाणे जायला नकोत.

लिटर उत्तम आणि ट्रे वाईट असं असेल तर सगळं फुकट. ट्रेची लांबी मांजराच्या अंगाच्या, शेपूट सोडून, दीडपट तरी हवी. बाजारातले बरेच ट्रे यापेक्षा लहान असतात, त्यापेक्षा सामान ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा एका बाजूने कापून घेतलेला बरा. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखतात, त्याच्यासाठी ती बाजू अगदी खाली कापा. लिटरचा थर पाच ते सात सेंटिमीटर ठेवा. जितकी मांजरं, त्याहून एक ट्रे जास्त, आणि सगळे एकाच कोपऱ्यात नकोत. जेवणाच्या वाटीशेजारी तर नकोच नको.

वापरलेलं लिटर संडासात टाकू नका, पाकिटावर "फ्लश करता येतं" असं लिहिलेलं असलं तरी. बेंटोनाइट नळात फुगून बसतं. आणि मांजराच्या शीमध्ये टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचे जंतू असू शकतात, ते सांडपाण्याच्या प्रक्रियेत मरतीलच असं नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या समुद्री ऊदमांजरांमध्ये हा संसर्ग सापडल्यानंतर तिथे 2006 मध्ये कायदा झाला आणि लिटरच्या पाकिटावर तशी सूचना छापणं बंधनकारक केलं गेलं.

हाच टॉक्सोप्लाझ्मा पोटातल्या बाळाला बाधू शकतो, म्हणून त्याच्या भीतीने घरात कुणाला दिवस गेले की मांजर बाहेर काढायचा सल्ला येतो. कृपा करून असं करू नका. हे जंतू शीमधून बाहेर पडल्या पडल्या लागण करत नाहीत, त्याला एक ते पाच दिवस लागतात. रोज ट्रे साफ केला तर धोका फार कमी होतो. ते काम त्या काळात घरातल्या दुसऱ्या कुणी करावं. कुणीच नसेल तर हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. शिवाय कच्चं राहिलेलं मांस आणि न धुतलेल्या भाज्या यांतूनही हीच लागण होते, त्याकडेही लक्ष द्या.

आणि एकदा मांजराने एखादं लिटर पसंत केलं की तेच चालू ठेवा. दुसरं सवलतीत मिळतंय म्हणून बदलू नका. बदलावंच लागलं तर जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत दोन आठवड्यांत जा, आणि मांजर काठावर उभं राहायला लागलं तर तिथेच थांबून परत जुनं वाढवा. जुन्या लिटरचं एक पाकीट त्यासाठी घरात असू द्या.