क्लिक केलं नाही म्हणजे खातं वाचलं, असं नाही

न मागता पासवर्ड रीसेटचा मेल आला की काय करायचं, याचा एक सल्ला ग्रुपांवर कायम फिरत असतो. लिंक फक्त तुमच्याच इनबॉक्समध्ये येते. तुम्ही क्लिक केलं नाही तर कुणी काही करू शकत नाही. आणि मेल कंपनीच्याच पत्त्यावरून आला असेल तर लिंकही खरीच. तेव्हा निवांत राहा. क्लिक करू नका, इतपत ठीक. बाकी तिन्ही विधानं कच्ची आहेत, कारण मेल कुणाला जाणार आणि त्यात काय असणार हे सर्व्हरवर ठरतं.

"फक्त तुमच्याच इनबॉक्समध्ये"? गिटलॅब या प्रोग्रामरांच्या कोड ठेवायच्या प्लॅटफॉर्मने जानेवारी २०२४ मध्ये सीव्हीई-२०२३-७०२८ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-त्रुटीचा नोंद क्रमांक) ही त्रुटी जाहीर केली. तीव्रता १० पैकी १०. रीसेटच्या विनंतीत दोन पत्ते घातले, एक खातेदाराचा आणि एक स्वतःचा, की मेल दोन्हीकडे जायचा. खातेदाराने तो उघडलाच नाही तरी हल्लेखोराच्या हातात लिंक होतीच. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागणारी सोय, लावलेल्यांचा पासवर्ड बदलता येत होता, पण खात्यात शिरता येत नव्हतं.

जँगोत, म्हणजे वेबसाइट बनवायच्या एका फ्रेमवर्कमध्ये, डिसेंबर २०१९ मध्ये याच जातीची चूक सापडली. तुर्कीतला बिनटिंबाचा 'आय' कॅपिटल केला की साध्या 'आय'च्या कॅपिटलसारखाच होतो. त्यामुळे तसा पत्ता टाकला की खातं दुसऱ्याचं सापडायचं आणि मेल मात्र टाकलेल्या पत्त्यावर जायचा. दुरुस्तीतला मुख्य भाग साधा: मेल डेटाबेसमधल्या पत्त्यावरच पाठवा.

"क्लिक केलं नाही तर काही होत नाही" हे लिंकऐवजी सहा आकडी कोड असेल तिथे तर अजिबात खरं नाही. कोड एकूण १० लाख. प्रयत्नांवर मर्यादा नसेल तर यंत्र सगळे टाकून बघतं. २०१६ मध्ये सुरक्षा संशोधक आनंद प्रकाश यांनी फेसबुकला नेमकं हेच दाखवलं. मुख्य साइटवर मर्यादा होती, बीटा, म्हणजे चाचणीच्या, साइटवर ती लावायची राहिली होती. बक्षीस १५,००० डॉलर.

सगळ्यात फसवं विधान तिसरं. ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत 'होस्ट' नावाचा हेडर पाठवतो: मला अमुक साइट हवी. काही अ‍ॅप्लिकेशन रीसेटची लिंक बनवताना साइटचं नाव तिथूनच उचलतात, आणि हेडरमध्ये पाठवणारा काहीही लिहू शकतो. हल्लेखोर तुमचा ईमेल टाकतो, होस्टमध्ये स्वतःचं डोमेन घालतो. मेल खरोखर कंपनीच्या सर्व्हरवरून निघतो, म्हणून एसपीएफ, डीकेआयएम या मेल खऱ्या डोमेनवरूनच आला का ते पाहणाऱ्या तपासण्या सगळ्या पास. लोगो खरा, टोकनही (लिंकमधला रीसेटचा गुप्त कोड) खरं. फक्त लिंक हल्लेखोराच्या डोमेनची. ती उघडली की टोकन त्याच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत. ती माणसानेच उघडायला हवी असंही नाही. ऑफिसांतले मेल तपासणारे काही स्कॅनर लिंक आपणहून उघडून बघतात. जँगोने २०१३ मध्ये 'अलाउड होस्ट्स' ही सेटिंग, म्हणजे होस्टमध्ये चालणाऱ्या नावांची यादी, आणली ती असल्या प्रकारांसाठीच. पण साइट सर्व्हरवर चढवायच्या रात्री एरर आली म्हणून तिथे तारा (*, म्हणजे कोणतंही नाव चालेल) टाकून मोकळे होणारे महाभाग कमी नाहीत.

असा मेल आला तर साइटचा पत्ता स्वतः टाइप करून आत जा, चालू सेशन्स पाहा, टू-फॅक्टर नसेल तर लावा. आत जाताच येत नसेल तर पासवर्ड बदलला गेलेला असू शकतो. लगेच सपोर्टला कळवा. आणि एखादी साइट रीसेट मागितल्यावर तुमचा जुनाच पासवर्ड मेलने पाठवत असेल, तर तो आणखी जिथे जिथे वापरलाय तिथे आजच बदला.