पेटी कुठून उचलता?

भाच्याचा पुण्याहून फोन आला. फिजिओथेरपीची डिग्री झाली आहे, चाकणला एका कारखान्यात ‘वेलनेस’ बघतो. “मावशी, तुझं काम करायला तिकडे जर्मनीला येऊ का? स्कोप आहे?”

घरच्या ग्रुपवर कामाच्या तासांचा वाद अजून धुमसतोच आहे. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यातली रोजची मर्यादा 9 तासांवरून 12 वर न्यायचं ठरवलं. आठवड्याचे 48 तास कायम, पण तिमाहीचा ओव्हरटाइम 115 तासांवरून 144 वर. माझा याला विरोध आहे. दहाव्या तासाला पाठ काय म्हणते, ते मी रोज ऐकते.

मी श्टुटगार्टजवळ यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आरोग्य व्यवस्थापक आहे. योगवर्ग, पाठीचे व्यायाम हे सगळं मी करते. अशा मान्यताप्राप्त उपक्रमांवर मालकाने वर्षाला माणशी 600 युरोपर्यंत केलेला खर्च करमुक्तही असतो. पण माझ्या कामाचा गाभा वेगळा. जर्मन कायद्यानुसार एखादा माणूस बारा महिन्यांत सहा आठवड्यांहून जास्त आजारी राहिला, तर ‘परत येण्यासाठी काय करता येईल’ हे बोलायला मालकाने त्याला बोलवावंच लागतं. यायचं की नाही, हे त्या माणसाने ठरवायचं. आजार कोणता, हे सांगायचीही सक्ती नाही.

गेल्या हिवाळ्यात पन्नाशीचे एक गृहस्थ असं बोलावण्याचं पत्र घेऊन माझ्यासमोर बसले होते. घडी घालून घालून कागद मऊ पडला होता. नोकरी जाणार, अशीच त्यांची समजूत. कमरेचं ऑपरेशन झाल्याचं त्यांनी आपणहून सांगितलं. मी विचारलं, “पेटी कुठून उचलता?” आम्ही दोघं खाली मशीन शॉपमध्ये गेलो. पेटी गुडघ्याच्याही खाली ठेवलेली, वाकून उचलायची आणि तशीच वळून मशीनवर ठेवायची. दिवसभर. तिथे खाली-वर होणारं टेबल बसवलं. मग ते आधी रोज दोन तास, नंतर चार, नंतर सहा असे कामावर आले. त्या काळात त्यांना पैसे आरोग्य विम्याकडून मिळत होते. माझे बाबा चिंचवडला कमरेला पट्टा आवळून वर्षानुवर्षं फर्स्ट शिफ्टला गेले. त्यांना हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

आता स्कोपचं. पदाच्या नावाला कायद्याचं संरक्षण नाही. कुणी विद्यापीठातून येतं, कुणी व्यापारी मंडळाचा छोटा कोर्स करून. छोट्या कंपन्यांत हे पद नसतंच, बऱ्याच ठिकाणी ते एचआरच्या कामातच मोडतं. मंदीत आमचं बजेट आधी कापलं जातं. 2013 पासून कायद्यात मानसिक ताणाची पाहणी स्पष्ट शब्दांत आली, त्यामुळे काम वाढलं आहे. पण जर्मन भाषा सी-वन, म्हणजे जवळजवळ अस्खलित, पातळीची हवी, कारण झोप लागत नाही हे माणूस स्वतःच्याच बोलीत सांगतो.

इथेही सगळं आलबेल नाही. कामाच्या तासांना रोजच्या मर्यादेऐवजी आठवड्याची मर्यादा आणायचं सत्ताधारी आघाडीने ठरवलं आहे, आणि काही कंपन्या ते पत्र नुसतं रेकॉर्डसाठी पाठवतात. तरीही पत्र जातं, आणि माणसाला त्यावर बोट ठेवून बोलता येतं. भारतात नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितांत चाळिशीपुढच्या कामगारांना मोफत वार्षिक आरोग्य तपासणी आहे, हे चांगलंच झालं. पण रिपोर्टमध्ये कंबर बिघडलेली दिसली, तर त्या माणसाची पेटी वर कोण घेणार?

भाच्याला मी अजून ‘ये’ म्हटलेलं नाही. विचारलं, “तुमच्याकडे वर्षभरात सहा आठवड्यांहून जास्त रजेवर किती जण होते?”

“ते टाइम ऑफिसला माहीत. आणि निम्मे कंत्राटी आहेत गं, त्यांची हजेरी ठेकेदाराकडे.”

आधी ती यादी मिळव म्हटलं, कंत्राटी माणसांसकट. रविवारी तो पुन्हा फोन करणार आहे.